केंद्रशाळेतली परिषद

शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून चालावे, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मांडली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती उचलून धरली. १९९० च्या दशकात आमच्या मराठवाड्यात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि समूहाच्या मुख्य शाळेत, म्हणजे केंद्रशाळेत, भरणाऱ्या शिक्षकांच्या मासिक परिषदांना जोर चढला. परिपत्रकांचे वाचन लवकर उरकायचे. खरा जीव आदर्श पाठात. एका बाईंनी ज्वारीच्या धाटांच्या काड्यांचा दहाचा गठ्ठा मुलांसमोर सोडला, तेव्हा हातच्याची वजाबाकी मुलांना उमगली, आणि कशी शिकवायची ते आम्हालाही. एकशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना विचारायला सहकारी नसतो. म्हणून परिषदेतला वेळ अहवालांनी खाऊ नये, तो पाठाला आणि चर्चेलाच मिळावा.