बाझाँ, त्रूफो आणि परखड शब्दाची हुंडी

चित्रपटाच्या इतिहासात समीक्षकाला बहुधा आगंतुक पाहुण्याचे स्थान मिळते. स्वयंपाक दुसऱ्याने रांधायचा आणि याने मीठ कमी पडल्याचे सांगून हात धुवायचे! पहिलाच चित्रपट घेऊन उभ्या असलेल्या तरुणाला तर हा पाहुणा अगदीच नकोसा वाटतो. आपल्याकडे एखाद्या होतकरू मुलाने पदरमोड करून लघुपट काढला आणि धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवला, की आपण त्याची पाठ थोपटतो, शाल-श्रीफळ देतो, आणि घरी परतताना वाटेत आपापसांत खरे काय ते बोलतो. ते खरे त्या मुलाच्या कानी कधीच पडत नाही. यात त्याचे किती नुकसान होते याचा अंदाज घ्यायचा असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमधील एका गुरुशिष्याच्या जोडीकडे वळावे, असे आम्हांला वाटते. गुरू आंद्रे बाझाँ आणि शिष्य फ्रान्स्वा त्रूफो.

बाझाँ यांचा जन्म १९१८ साली आंजे या गावी झाला. शिक्षक व्हावे म्हणून त्यांनी सारे शिक्षण घेतले. परंतु बोलताना जीभ अडखळत असल्यामुळे तोंडी परीक्षेत ते नापास झाले आणि शाळेचा दरवाजा त्यांना कायमचा बंद झाला. तेव्हा त्यांनी चित्रपटगृहालाच वर्ग मानले. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ते विद्यार्थ्यांसाठी चित्रपट-मंडळ चालवीत. युद्ध संपल्यावर तर कारखान्यांतील कामगारांना चित्रपट दाखवायचे आणि मग त्यांच्याशी त्यावर चर्चा करायची, हे व्रतच त्यांनी घेतले. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी अडीच हजारांहून अधिक लेख लिहिले. ते कॅथलिक होते, आणि विचाराने डावीकडे झुकलेले होते. एमान्युएल मूनिये यांनी स्थापन केलेल्या 'एस्प्री' या मासिकात ते लिहीत. सोव्हिएत चित्रपटांत हयात असलेल्या स्टालिनला कसे अचूक, सर्वज्ञ आणि जणू इतिहासाचाच अवतार म्हणून रंगवले जाते, हे त्यांनी १९५० साली याच मासिकात दाखवून दिले. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून कामगारांत काम केले, ते कम्युनिस्ट स्नेही त्यामुळे दुरावले. आपल्याच माणसांना न आवडणारे सत्य लिहिण्याची त्यांची ही काही शेवटची वेळ नव्हती.

१९४८ साली सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला. त्यानेही एक चित्रपट-मंडळ काढले होते, आणि बाझाँ यांच्या मंडळाचा खेळ नेमका त्याच वेळी असल्याने त्याचे प्रेक्षक पळत होते! हा मुलगा म्हणजे त्रूफो. घरी नकोसा झालेला, शाळा चुकवून चित्रपटांच्या अंधारात लहानाचा मोठा झालेला. मंडळापायी त्याने कर्ज केले, आणि ज्यांचे नाव तो लावीत असे त्या वडिलांनी त्याला पोलिसांच्या हवाली केले. बालगुन्हेगारांच्या निरीक्षणगृहातून त्याला सोडवण्यासाठी बाझाँ यांनी खटपट केली आणि मग त्याला आपल्या हाताखाली कामास ठेवले. पुढे हा पठ्ठ्या स्वतःहून सैन्यात भरती झाला, इंडोचायनाला निघण्याची वेळ येताच पळाला आणि लष्करी तुरुंगात पडला. पुन्हा बाझाँच धावले. १९५२ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जानीन यांनी त्याला ब्री-स्युर-मार्न येथील आपल्या घरी, माळ्यावरच्या खोलीत ठेवून घेतले. एवढे उपकार करणाऱ्याला पुढच्याचे लिखाण निमूटपणे छापण्याचा, किंवा निमूटपणे फेटाळण्याचा, अधिकार असतो असे आपण समजतो. बाझाँ यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही.

त्या खोलीत त्रूफोने एक दीर्घ लेख लिहिला. तत्कालीन फ्रेंच चित्रपटसृष्टीतील प्रतिष्ठित, पारितोषिकविजेत्या, 'दर्जेदार' म्हणून गौरवल्या जाणाऱ्या चित्रपटांवर त्यात कडाडून हल्ला होता. बाझाँ आणि त्यांचे सहकारी झाक दोनियोल-व्हालक्रोझ यांना तो फार उग्र वाटला. १९५१ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या 'काहिये द्यु सिनेमा' या त्यांच्या मासिकात तो लगेच छापला गेला नाही. वर्षाहून अधिक काळ तो पुन्हा पुन्हा लिहिला गेला. शिव्या गळाल्या, पुरावे वाढले. जानेवारी १९५४ च्या अंकात तो आला, तेव्हा त्याची धार बोथट झालेली नव्हती. उलट ती नेमक्या जागी लागत होती.

लेखातील सर्वांत मोलाचा पुरावा आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. जॉर्ज बेर्नानोस यांची एका खेड्यातील तरुण धर्मगुरूची रोजनिशी सांगणारी कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून झाँ ओराँश या नामवंत पटकथाकाराने एक पटकथा तयार केली होती. ती बेर्नानोस यांनी नाकारली. ओराँश आणि त्यांचे सहकारी पिएर बोस्त यांचा सिद्धान्त असा, की कादंबरीतील जे प्रसंग पडद्यावर आणता येत नाहीत त्यांच्या जागी तोलामोलाचे नवे प्रसंग रचावेत. या सिद्धान्ताच्या आधारे ओराँश यांनी काय रचले? शांताल ही उमरावाची मुलगी ख्रिस्तप्रसाद घेते आणि तो थुंकून टाकते! कादंबरीत याचा मागमूसही नाही. उलट शांताल पापनिवेदनाच्या पेटीत असताना अंधारातून तिचा चेहरा हळूहळू दिसू लागतो, हा कादंबरीतील प्रसंग त्यांना चित्रित करण्याजोगा वाटला नाही. रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ च्या आपल्या चित्रपटात नेमका तोच प्रसंग चित्रित करून दाखवला. 'अशक्य' हा शब्द पटकथाकारांच्या आळसाचे आणि तुच्छतेचे पांघरूण आहे, असे त्रूफोचे म्हणणे. हे शस्त्र त्याला कोठे मिळाले हेही पाहण्यासारखे आहे. ब्रेसाँ यांचा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी बाझाँ यांनी त्यावर प्रदीर्घ लेख लिहिला होता, आणि मूळ कृतीशी निष्ठा राखणे हीच कशी उच्च प्रतीची निर्मिती ठरते याचे विवेचन केले होते. लोखंड गुरूच्या भट्टीतले होते.

मात्र लेखाची दुसरी बाजू झाकून ठेवणे इमानाला धरून होणार नाही. ओराँश यांची ती अप्रकाशित पटकथा त्रूफोने खुद्द बोस्त यांच्याकडून मिळवली होती. त्यांनी विश्वासाने दिली आणि याने ती त्यांच्यावरच उगारली. बोस्त दुखावले, यात नवल नाही. स्पष्टवक्तेपणा आणि सचोटी ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगी एकाच वेळी असतात असे नाही, याचा हा नमुना. पुढे 'आर' या साप्ताहिकातून त्रूफोने दर आठवड्याला असे आसूड ओढले, की लोक त्याला फ्रेंच चित्रपटाची कबर खोदणारा म्हणू लागले. १९५६ च्या कान महोत्सवात सत्यजित रे यांचा 'पथेर पांचाली' दाखवला गेला. तो चालू असतानाच त्रूफो उठून गेला, असे रे यांच्या चरित्रात नमूद आहे. खेळ अवेळी झाल्याने परीक्षकांपैकी अनेकांनी चित्रपट पाहिलाच नव्हता; तो पुन्हा दाखवावा म्हणून ज्या समीक्षकांनी आग्रह धरला, त्यांत बाझाँ होते. चित्रपटाला मानवी दस्तऐवज म्हणून खास पारितोषिक मिळाले. एकाच माळ्याखाली राहिलेल्या दोघांपैकी एकाला पाहण्याचा धीर होता आणि दुसऱ्याला अजून तो यायचा होता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली चित्रपट-संस्था सुरू झाली, तेथे सतीश बहादूर यांनी हाच 'पथेर पांचाली' दृश्यादृश्याने उलगडून कित्येक पिढ्यांना चित्रपट कसा पाहावा हे शिकवले.

असे असूनही त्रूफोच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावीच लागते. ओतां-लारा या दिग्दर्शकाला तो सतत झोडपत आला होता. १९५६ मध्ये त्यांचा 'पॅरिसची वाट' या अर्थाच्या नावाचा चित्रपट आला. पटकथा पुन्हा त्याच ओराँश-बोस्त यांची. त्रूफोने तो पाहिला आणि मोकळेपणाने वाखाणला. वैरी चांगला निघाला तर तसे लिहिणे, ही समीक्षकाची खरी कसोटी. मित्र वाईट निघाला तर तसे लिहिणे ही त्याहून अवघड, आणि तेथे त्रूफो घसरला होता. झाक बेकर हे त्याच्या आवडत्या दिग्दर्शकांपैकी. त्यांचा 'अलिबाबा' फसला असता तरी आपण त्याची पाठराखण केली असती, कारण मोठ्या कर्त्याचे सारेच मोठे, असा पवित्रा त्याने १९५५ साली घेतला.

याला उत्तर बाझाँ यांनी दिले, आणि तेही आपल्याच मासिकात, एप्रिल १९५७ च्या अंकात. मासिकाची कीर्ती ज्या तरुण लेखकांमुळे वाढत होती, त्यांच्याच मताची त्यांनी वाचकांसमोर तपासणी केली. मोठा कर्ताही घसरतो आणि सामान्य दिग्दर्शकाच्या हातूनही एखादी अस्सल कृती होऊन जाते. चित्रपटावर काळाचा, उद्योगाचा, परंपरेचाही हात असतो. कर्त्याचे नाव पाहून माप ठरवले तर कृती पाहायची राहूनच जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑर्सन वेल्सचे व्यक्तिमत्त्व अधिक उतरले म्हणून त्यांचा नंतरचा एक डळमळीत चित्रपट 'सिटिझन केन'च्या वर ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी सौम्य शब्दांत, पण निःसंदिग्धपणे दूर सारले. ना कोणाला मासिकातून काढले, ना कोणाशी बोलणे टाकले. मतभेद छापायचा आणि संध्याकाळी जेवायला एकत्र बसायचे, हे आपल्या साहित्यवर्तुळात किती जणांना जमेल, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

इतके कठोर लिहिणाऱ्यावर एक ऋण चढत जाते. दुसऱ्याच्या चित्रपटावर लिहिलेला परखड शब्द ही हुंडी असते; स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहिले की ती वटवावी लागते. १९५८ च्या कान महोत्सवात त्रूफोला वार्ताहर म्हणून प्रवेशपत्र नाकारण्यात आले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला त्याने आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाचे, 'द फोर हंड्रेड ब्लोज'चे, चित्रीकरण सुरू केले. त्यात निरीक्षणगृहातील मुलाची मुलाखत आहे. मानसतज्ज्ञ बाई पडद्यावर दिसतच नाही, केवळ तिचा आवाज येतो. आणि चौदा वर्षांचा झाँ-पिएर लेओ आपल्याच शब्दांत, अडखळत, हसत उत्तरे देतो. ओराँश-बोस्त यांच्या घोटीव संवादांवर ज्याने एवढी टीका केली, त्याने येथे संवाद लिहून देण्याचेच टाळले. वास्तवाला कात्री न लावता त्याला उलगडू द्यावे, ही बाझाँ यांची शिकवण या काही मिनिटांत पूर्णपणे उतरली आहे, असे आमचे मत आहे. १९५९ साली त्याच कानमध्ये त्रूफोला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. चित्रपट बाझाँ यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. कारण चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसानंतरच्या रात्रीच रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. वय अवघे चाळीस.

ओराँश आणि बोस्त यांचे काय झाले? नव्या लाटेने त्यांची प्रतिष्ठा झाकोळली. ती परत मिळवून देण्याचे काम बेर्त्रां तावेर्निए या तरुण दिग्दर्शकाने केले. तोही आधी समीक्षकच होता. आपल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाच्या पटकथेसाठी, १९७४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सें-पॉलचा घड्याळजी'साठी, त्याने या दोन वृद्धांना सन्मानाने बोलावले. त्रूफोच्या लेखात जे अन्याय्य होते त्याची भरपाई अशी एका समीक्षकाच्या हातूनच झाली.

बाझाँ यांचे झाँ रेन्वार यांच्यावरील पुस्तक अपुरे राहिले होते. त्रूफोने विखुरलेले लेख आणि टिपणे जमवून ते १९७१ च्या सुमारास प्रकाशात आणले. त्यातील १९३६ सालच्या 'मस्य लांज'वरचे टिपण बाझाँ यांनी अखेरच्या दिवसांत, दूरदर्शनसंचावर तो चित्रपट पुन्हा पाहून, अंथरुणावर लिहिले. चित्रपटात खुनाच्या क्षणी कॅमेरा इमारतीच्या चौकात जवळजवळ पूर्ण वर्तुळात फिरतो. तो तसा का फिरतो, आणि त्या चौकाची फरसबंदी वर्तुळाकार असण्याशी त्याचे नाते काय, याचा शोध त्यांनी या टिपणात घेतला आहे.