शिरगणतींतील बहिरेपणा

इंग्रजी अमदानींत 1881 पासून 1931 पर्यंत दर शिरगणतींत मुक्याबहिऱ्यांची नोंद होत असे. जुन्या चांदा जिल्ह्यांतहि—गडचिरोली त्यांतून 1982 सालीं वेगळा झाला—गणनाकाराचा कानासंबंधीं प्रश्न एवढाच: घरांत जन्मापासून मुकाबहिरा कोणी आहे काय? प्रश्नाचा रोख मुळांतच चुकला होता. मुकेपणा हा बहुधा जिभेचा दोष नसतो; जें कधीं कानीं पडलें नाहीं, तें मूल बोलणार कोठून? उलट कान वाहून अथवा सुरुंगांच्या धडाक्यानें प्रौढपणीं बहिरा झालेला मनुष्य बोलत असे. सबब तो वगळला जाई. वरोऱ्याची सरकारी कोळशाची खाण 1906 सालीं बंद पडली. अशा खाणींतल्या मजुराचा बहिरेपणा कोण लिहून ठेवणार? हिवतापावरील कोयनेलानें कानांत उठणारी घणघण बहुतेक वेळां ओसरते. परंतु आवाजाच्या माऱ्यानें अंतःकर्णांतील केशपेशी एकदां मेल्या कीं मनुष्यांत त्या पुन्हा उगवत नाहींत.

1941 सालीं हा रकानाच गेला. 1981 सालीं आंधळे, पांगळे व मुके मोजले, बहिरे नाहींत! बोलणाऱ्या बहिऱ्याची स्वतंत्र विचारपूस झाली ती 2001 सालीं.