सिंगापूरचे मागेन अबोथ आणि सर मनश्शे मायर

मागेन अबोथ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अलिबागच्या इस्रायल आळीतील मशीद येते. याच नावाची एक मशीद सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर 1878 पासून उभी आहे. ती उभी राहण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या सर मनश्शे मायर यांची आठवण आम्ही आज करीत आहोत.

मायर हे बगदादी यहुदी. त्यांचे शिक्षण सिंगापूरच्या सेंट जोसेफ शाळेत झाले. काही काळ रंगूनला धंदा करून ते 1873 मध्ये सिंगापूरला परतले व मायर ब्रदर्स ही पेढी काढली. हिंदुस्थानशी त्यांचा मोठा व्यापार होता. त्यात अफूही होती, हे लपवून चालणार नाही; त्या काळी तो धंदा कायदेशीर होता, इतकेच. मिळालेला पैसा त्यांनी जमिनी व इमारतींत घातला. पुढे ते सिंगापूरच्या नगरपालिकेचे कमिशनर झाले.

1905 मध्ये त्यांनी ऑक्सली राइज येथे आपल्या जागेत दुसरी मशीद बांधली. नाव चेसेद-एल, म्हणजे देवाची दया. रॅफल्स कॉलेजला विज्ञानाच्या इमारतीसाठी त्यांनी दीड लाख डॉलर दिले. ती इमारत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे शिकलेल्यांत यहुदी किती असतील? फार थोडे. मायर यांनी तो हिशेब केला नाही.

नोव्हेंबर 1922 मध्ये जपानला जाताना प्रोफेसर आइन्स्टाइन सिंगापूरला उतरले. यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी मदत मागायची होती. मायर यांनी बेल व्ह्यू बंगल्यात त्यांचा सत्कार केला आणि पाचशे पौंड दिले. 1925 मध्ये विद्यापीठ उघडले. मायर 1930 साली वारले.

आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, की बगदादी बांधवांनी आपल्याला नेहमीच जवळ केले नाही. रंगूनच्या मशिदीत बेने इस्रायलांना मताचा हक्क नाकारला गेला, तेव्हा कोर्टात जावे लागले. 1935 मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. ती सल खरी आहे. पण सलीपोटी चांगल्या कामाकडे पाठ फिरवू नये, असे आम्हाला वाटते.

मायर यांची परंपरा जेकब बॅलस यांनी पुढे चालवली. ते शेअर दलाल. 1960 च्या दशकात मलाया-सिंगापूरच्या शेअर बाजाराचे अध्यक्ष होते. 2000 साली ते वारले. मागेन अबोथच्या शेजारी समाजाची बहुमजली इमारत त्यांच्या नावाने उभी आहे. बोटॅनिक गार्डनमध्ये 2007 साली उघडलेली मुलांची बागही त्यांच्याच नावाची. या बागेचा एक नियम आहे : लहान मूल बरोबर नसेल तर मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत.

आम्हाला हा नियम फार आवडला. सेदाका देताना आपण बहुधा मागे पाहतो : आईवडिलांच्या नावाने मशिदीत दिवा, पाटी, बाक. ते करावेच. पण थोडे नातवंडांच्या शिक्षणासाठीही काढून ठेवावे. पूर्वजांची ढाल त्यांच्याही डोक्यावर हवी.