न्यूयॉर्कचे सरकारी वकील आणि युनिस कार्टर यांचे निरीक्षण

१९३५ साली मॅनहॅटनच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरण्याजोगा पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, जिल्हा सरकारी वकील विल्यम डॉज यांच्यावरच अविश्वास दाखवला. संघटित टोळ्यांना हात लावण्याची या कार्यालयाची इच्छाच नाही, ही तक्रार. अखेर राज्यपाल हर्बर्ट लेहमन यांनी तेहतीस वर्षांच्या थॉमस ड्युई यांना विशेष अभियोक्ता नेमले.

ड्युईंच्या वीस सहाय्यकांत एकच स्त्री होती, आणि कृष्णवर्णीयही तीच एक: युनिस कार्टर. पूर्वी महिला न्यायालयात वेश्याव्यवसायाचे खटले चालवताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. कुंटणखाने निरनिराळे; जामीनदार मात्र तेच, वकील तेच, बचावाची कहाणीही जवळपास तीच. आणि अशा स्त्रिया हमखास सुटत. म्हणजे मागे कोणीतरी एकच होते. ड्युईंना हा विषय प्रारंभी रुचला नाही. नीतिरक्षक म्हणून मिरवणे त्यांना नको होते. कार्टर हटल्या नाहीत.

१ फेब्रुवारी १९३६ रोजी शहरभर छापे पडले. कुठे जायचे, हे पोलिसांनाही ऐनवेळीच कळले. बातमी खात्यातूनच फुटेल ही भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. पकडलेल्या स्त्रियांना साक्षीदार म्हणून जबर जामिनावर महिनोन्महिने अडकवून ठेवले गेले. या यशोगाथेतील हे पान सहसा वगळले जाते. जूनमध्ये लकी लुचियानोला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली.

१९४६ साली, राज्यपालपदी आलेल्या ड्युईंनीच ती कमी करून त्याची इटलीस रवानगी केली.