ब्रेक, विजेवरील स्कूटरचे : निगा व जुळवणी

विजेवरील स्कूटरचा वेग कमी करणारी, ती थांबवणारी आणि उभी असताना जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा. तिचे दोन भाग असतात : चाकाशी प्रत्यक्ष घर्षण करणारा यांत्रिक ब्रेक (ड्रम किंवा डिस्क) आणि चाकाच्या गतीवर मोटारीलाच जनित्रासारखे फिरवून वेग शोषणारा विद्युत ब्रेक. पहिला भाग पेट्रोलच्या स्कूटरवरून फारसा न बदलता आला. दुसऱ्यामुळे मात्र पहिल्याच्या निगेचे गणित बदलले. पेट्रोलच्या गाडीचा ब्रेक झिजतो. विजेच्या गाडीचा झिजण्याआधी जाम होतो. इंजिन नाही, ऑइल नाही, मग सर्व्हिसिंग कशाला, या समजामुळे ते वेळेवर लक्षातही येत नाही.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ तालुक्यात हे चांगले पाहता येते. अग्रणी नदीकाठचा हा मुलूख कमी पावसाचा. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून बागायत वाढली, आणि घर ते द्राक्षबाग, बाग ते बाजार अशा फेऱ्याही वाढल्या. अशा फेऱ्यांना विजेची स्कूटर मानवते : अंतर थोडे, वेग बेताचा, चार्जिंग घरच्या प्लगवर. ब्रेकला मात्र हीच वाट सोसत नाही. उन्हाळ्यात मुरमाची धूळ ड्रममध्ये शिरते, पावसाळ्यात काळी माती चाकाला लपेटते, आणि ती काढायला फवारणीच्या पंपाचा फवारा थेट चाकावर मारला की उरलेली कसर भरून निघते. आठवडाभर पाणंदीने पंचवीस-तीसच्या वेगाने चाललेली तीच गाडी एखाद्या दिवशी मिरज–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर (क्र. 166) ट्रकांच्या रांगेत शिरते, आणि तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ब्रेक लागतो किंवा लागत नाही.

विद्युत ब्रेक : मूठ सोडली किंवा ब्रेकचा लिव्हर थोडा दाबला की कंट्रोलर मोटारीकडे जाणारी वीज तोडतो आणि मोटारीतून निघणारी वीज बॅटरीकडे वळवतो. गाडी व दोन माणसे मिळून 240 किलो वजन ताशी 50 किमी वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे 23 किलोज्यूल, म्हणजे साडेसहा वॉट-तासांच्या आत भरते. स्कूटरला एका किलोमीटरला साधारण 25 ते 30 वॉट-तास लागतात. एका थांब्यातली सगळी ऊर्जा परत मिळाली तरी गाडी त्यावर जेमतेम पाव किलोमीटर जाईल, आणि सगळी कधीच मिळत नाही. बॅटरी भरून देणारा ब्रेक म्हणून त्याची जाहिरात होत असली, तरी त्याचा खरा उपयोग यांत्रिक ब्रेकचे घासणारे भाग (लायनर व पॅड) वाचवण्याचा आहे. एथर कंपनीने 2024 मध्ये 450 एपेक्स या गाडीत मूठ उलटी फिरवून वेग कमी करण्याची सोय दिली. तीत रोजचे बरेचसे थांबणे लिव्हरला हात न लावता होते.

या ब्रेकच्या मर्यादा चालवणाऱ्याला ठाऊक हव्यात. गाडी अगदी हळू झाली की तो संपतो. उभी गाडी तो धरून ठेवत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर आत जागा नसल्याने तो क्षीण होतो किंवा लागतच नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी पहिल्या उतारावर कालच्यापेक्षा जास्त पळते ती यामुळे. उताराचे प्रकरण तर निराळेच आहे. 240 किलोचे ओझे 100 मीटर खाली आणताना सुमारे 235 किलोज्यूल ऊर्जा मुरवावी लागते, म्हणजे ताशी 50 किमी वेगावरून दहा वेळा थांबण्याइतकी. मिरज व कवठे महांकाळ तालुक्यांच्या सीमेवरचा दंडोबाचा डोंगर उतरताना एकच ब्रेक सतत दाबून धरला तर ड्रम तापतो आणि लायनरची पकड कमी होत जाते. स्वस्त गाड्यांत विद्युत ब्रेक पुष्कळदा नसतो. पेट्रोलच्या गाडीला इंजिनाचा जो थोडा अटकाव असतो तोही इथे नसतो, त्यामुळे सगळा भार ड्रमवरच पडतो. उताराला आधीच वेग कमी ठेवावा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून वापरावेत.

ड्रम ब्रेक : चाकाच्या हबमधील पोकळ ड्रम, आत दोन अर्धगोल शू, त्यांवर चिकटवलेले लायनर आणि शू फाकवणारा कॅम, अशी ही रचना. फ्रान्सच्या लुई रेनोच्या नावाने 1902 पासून ओळखली जाणारी ही पद्धत आजही स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक स्कूटरांत मागच्या चाकाला असते, अनेकांत पुढच्यालाही. टीव्हीएस आयक्यूबला मागे 130 मिमीचा ड्रम आहे. 2020 च्या जानेवारीत बजाजने चेतक या नावाने विजेची गाडी बाजारात आणली, तेव्हा तिलाही मागे ड्रमच होता.

जुळवणीचे काम सोपे असल्याने ते घाईत होते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, चावी बंद करावी आणि सीटखाली एमसीबी असल्यास तोही पाडावा. ही खबरदारी विजेच्या गाडीपुरती खास आहे : मोटार आवाज करत नाही, आणि चुकून मुठीला धक्का लागला तर चाक बोटांसकट फिरते. मग लिव्हरची मोकळीक पाहावी. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिमी सैल हालचाल असावी. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. मोकळीक जास्त असेल तर ब्रेकच्या वायरीच्या टोकाचा नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जावे आणि दर वेळी चाक हाताने फिरवून पाहावे. नटाच्या तोंडाला खाच असते, ती कॅम फिरवणाऱ्या आर्मच्या पिनवर बसली पाहिजे. खाच वर राहिली तर पहिल्या खड्ड्याला ती आपोआप बसते आणि ब्रेक पुन्हा सैल होतो. चाक एका जागी थोडेसे घासून पुढे मोकळे फिरत असेल तर फारसे बिघडले नाही. सतत घासत असेल तर नट मागे घ्यावा. पेट्रोलच्या गाडीत असा ओढणारा ब्रेक लवकर कळत नाही. इथे मात्र रेंज घटते, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.

आर्मवर बाण आणि मागच्या प्लेटवर खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आला म्हणजे लायनर संपला. या टप्प्यावर गॅरेजांत एक युक्ती चालते : आर्म काढून कॅमच्या दात्यांवर एक दात मागे बसवायचा. नटाला पुन्हा आटे मिळतात, ब्रेक महिना-दोन महिने लागल्यासारखा वाटतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण बाणाची खूण त्यामुळे खोटी ठरते, आणि लायनर आणखी झिजला की कॅम पूर्ण उलटून चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. ही युक्ती कोणी सुचवली तर सरळ नवे शू मागावेत. त्यांची किंमत पडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या लायनरवर पॉलिश पेपर फिरवला की चिरकणारा आवाज जातो. कॅमचा दांडा बाहेर काढून, साफ करून, उष्णता सोसणारे ग्रीस बोटाला लागेल इतकेच लावावे. थोडा चालणारा, विद्युत ब्रेकने झाकलेला ब्रेक अडकतो तो याच दांड्यावर. लिव्हर सोडल्यावर तो सावकाश परत येतो, हे त्याचे पहिले लक्षण. पावसाळ्याआधी गाडीला डिझेल किंवा जुने ऑइल फवारण्याची जी रीत आहे, ती ब्रेकची शत्रू आहे. गंज लागत नाही हे खरे, पण लायनर, पॅड वा डिस्कला तेलाचा ओशट हात लागला की ब्रेक गेला. तेल प्यालेला लायनर धुऊन भागत नाही, तो बदलावा लागतो.

काही गाड्यांत ब्रेक दाबून ठेवण्याची खिटी असते. ओल्या गाडीला ती रात्रभर लावून ठेवली तर लायनर ड्रमला चिकटतो. ओली गाडी साइड स्टँडऐवजी डबल स्टँडवर लावावी आणि खिटी सोडून द्यावी.

हब मोटारीचे चाक : आयक्यूबसारख्या गाड्यांत आणि बहुतेक कमी वेगाच्या गाड्यांत मोटार मागच्या चाकातच असते. ते चाक काढणे हे पंक्चरवाल्याचे काम राहत नाही. आसाच्या एका टोकातून तीन जाड वायरी (फेज) आणि सहसा पाच बारीक वायरी (हॉल सेन्सर) बाहेर येतात. काढण्याआधी कनेक्टरचा फोटो घ्यावा, चाक वायरींवर लोंबकळू देऊ नये, आणि आसाला वळू न देणारे वॉशर काढले त्याच बाजूने बसवावेत. नट सैल राहिला तर मोटारीच्या जोराने आस स्वतःच फिरतो आणि वायरी पिळून तोडतो.

डिस्क ब्रेक : इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये पेटंट घेतलेली ही रचना दुचाकींत सर्रास दिसू लागली ती होंडा सीबी 750 (1969) नंतर. एथर 450 एक्सला पुढे 200 मिमी व मागे 190 मिमीची डिस्क आहे. ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या डिस्कला आवळणे-सैल करणे नसते. पॅड झिजले की पिस्टन आपोआप पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी तेवढी उतरते. म्हणून पातळी उतरली की आधी पॅड पाहावेत, मग गळती, आणि त्यानंतरच बाटली उघडावी. पॅडवरील खाच नाहीशी झाली की पॅड बदलावेत. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट 4 ऑइलचा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावरच्या चाचणीत तो किमान 155 अंश असणे पुरेसे मानतात. डॉट 3 चे आकडे 205 व 140. उतारावर ऑइल उकळले की नळीत वाफ होते, लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. गाडी किती चालली याचा इथे संबंध नाही : दोन वर्षांनी ऑइल बदलावे, मग मीटरवर आकडा कितीही लहान असो. त्यात इंजिन ऑइल किंवा जॅकचे तेल घातले तर रबरी सील फुगून खराब होतात. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा. चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नये, पॅड मिटतात. लिव्हर स्पंजसारखा दबत असेल तर आत हवा आहे; निपलला पारदर्शक नळी लावून ही हवा काढणे हे दोघांचे काम आहे. विजेच्या गाडीत याहून जास्त आढळतो तो पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजण्याचा दोष. तेव्हा एकच पॅड झिजतो, दुसरा कोरा राहतो.

लिव्हरचा स्विच : प्रत्येक लिव्हरच्या मुळाशी छोटा स्विच असतो. तो मागचा लाल दिवा लावतो आणि मोटारीची वीज तोडतो. जुळवणीत तो सर्वाधिक विसरला जातो. चाक धरण्याआधी वीज तुटली पाहिजे. क्रम उलटला तर मोटार ओढते आणि ब्रेक अडवतो, अशी झटापट होते. उलट स्विच मातीने दाबलेलाच राहिला तर कंट्रोलरला ब्रेक लागलेला वाटतो. डिस्प्ले लागतो, दिवे लागतात, मूठ फिरवली तरी गाडी हलत नाही. कंट्रोलर गेला म्हणून मोठे बिल करण्याआधी मागचा दिवा सतत पेटलेला आहे का, हे पाहावे. पेटलेला असेल तर दोष बहुधा या स्विचमध्ये असतो.

जोडब्रेक : 1 एप्रिल 2019 पासून भारतात नोंदणी लागणाऱ्या लहान दुचाकींना सीबीएस (जोडब्रेक) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. सीबीएसमध्ये डावा लिव्हर मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात ओढतो. थांबताना वजन पुढे येते आणि पुढच्या चाकाची पकड वाढते. तरी पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, या भीतीने अनेकजण केवळ मागचाच वापरतात. त्यावर सीबीएस हा तोडगा आहे. मात्र फक्त मागचा नट आवळत गेल्यास दोन चाकांतला समतोल बिघडतो. दोन्ही वायरी पुस्तिकेतल्या क्रमानेच जुळवाव्यात, आणि नंतर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ताशी 20 किमी वेगाने दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात.

ज्या गाड्यांची मोटार 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किमीच्या आत, त्यांना नोंदणी, क्रमांक किंवा चालकपरवाना लागत नाही. जोडब्रेकचीही सक्ती नाही. विजेच्या गाड्यांना पीयूसी नसते. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे सांगलीच्या एमएच-10 ची पाटी लावलेल्या स्कूटरचे ब्रेक सरकारी निरीक्षकासमोर नियमाने येतात ते नोंदणीच्या नूतनीकरणाला, पंधरा वर्षांनी. कमी वेगाच्या गाडीला तेवढीही तपासणी नाही.