चारोटीचे ४५ सेकंद

परवा शनिवारी आम्ही चौघं मुंबईहून डहाणूला निघालो होतो. सूर्या नदीचा पूल मागे टाकला, चारोटी जवळ आली, तेव्हा एका किलोमीटरच्या दगडाशी मी मनगटावरच्या घड्याळाचं वरचं बटण दाबलं. पुढचा दगड आला, पुन्हा दाबलं. काटा ४५ सेकंदांवर थांबला. त्याच्यासमोर कडेच्या पट्टीवर आकडा होता ८०. म्हणजे ताशी ८० किलोमीटर. मित्र म्हणाला, "अरे, मोबाइलवर जीपीएस आहे की!" आहे ना. पण मग मजा काय राहिली?

तर मंडळी, हा क्रोनोग्राफ. साधं घड्याळ सांगतं किती वाजले. हे सांगतं किती वेळ गेला, आणि तोही आपण ठरवू तिथून ठरवू तिथपर्यंत. लुई मुआने या फ्रेंच कारागिराने १८१६ साली असं यंत्र बनवलं ते ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी. १८२१ मध्ये निकोला रियुसेकच्या यंत्राने पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत वेळ मोजली. त्यात तबकडीवर चक्क शाईचा ठिपका पडायचा. क्रोनोग्राफ या ग्रीक शब्दांचा अर्थच 'काळ लिहिणारा'!

पुढे ही यंत्रं मनगटावर आली, पण चावी रोज द्यावी लागायची. आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ आधी कोण बनवतं याची चुरस १९६९ साली रंगली. स्विस झेनिथ, हॉयर-ब्राइटलिंगचा गट आणि जपानची सायको, तिघेही काही महिन्यांच्या अंतराने पोहोचले. माझं घड्याळ त्यातलंच सायको ६१३९. यात मोजणीचा काटा जोडायला उभा क्लच आहे. गाडीच्या क्लचसारख्या दोन चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे काटा सुरू होताना अडखळत नाही. आमच्यासारख्या इंजिनियरला एवढं पुरे होतं :)

आपल्याकडे मात्र हे प्रकरण नोकरदाराच्या मनगटावर कधी नव्हतंच. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरात एचएमटीची घड्याळं सुरू झाली. जनता, पायलट वगैरे. आमच्या बाबांकडेही एचएमटीच. परदेशी घड्याळावर आयातीची बंधनं, म्हणून सायको वगैरे यायची ती आखाती नातेवाइकाच्या बॅगेतून, नाहीतर तस्करीतून. दमणचा किनारा त्यासाठी कुप्रसिद्ध होता, आणि दमण-मुंबई रस्ता ह्याच चारोटीवरून जातो. माझ्या घड्याळाचा प्रवास मला माहीत नाही. ज्या जुन्या घड्याळवाल्याकडून घेतलं त्याने "एकदम ओरिजिनल" म्हणून दिलं, नंतर कळलं की तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. वाईट वाटलं, पण ठेवलं. आतलं यंत्र खरं होतं.

चारोटी म्हटलं की मला एक दुसरंही मोजमाप आठवतं. ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. गाडीने चारोटी चेकपोस्टनंतर २० किलोमीटर अंतर ९ मिनिटांत कापलं, असं पोलिसांच्या हवाल्याने बातम्यांत आलं. गणित करा: किलोमीटरला २७ सेकंद, सरासरी ताशी १३३. पुढे गाडीच्या कंपनीच्या अहवालात अपघाताच्या काही सेकंद आधी १०० आणि धडकेच्या वेळी ८९ वेग असल्याचं आलं. म्हणजे सरासरी एक सांगते, शेवटचे क्षण दुसरंच. आणि मागे बसलेल्या त्या दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता.

म्हणून मला वाटतं, जुन्या क्रोनोग्राफची ओढ फक्त चमकणाऱ्या स्टीलची नाही. मोबाइल माझा वेळ माझ्या नकळत मोजत असतो. इथे सुरुवात माझ्या अंगठ्याने होते आणि शेवटही. अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी १९७० मध्ये इंजिन १४ सेकंद चालवताना मनगटावरच्याच घड्याळाने वेळ मोजली होती. तिथे चूक परवडणारी नव्हती. आपल्या हायवेवर तरी कुठे परवडते?

असो. परत येताना दर दगडाला ४५ सेकंदच घेतले. आणि चौघांनीही बेल्ट लावले होते, मागच्या सीटवरच्यांनीसुद्धा.