झिजलेला धक्काशोषक : हिंजवडीच्या रस्त्याचे एक इतिहाससाधन

हिंजवडीचा अलीकडचा इतिहास लिहावयाचा तर सात-बाराचे उतारे, भूसंपादनाचे कागद आणि माहिती तंत्रज्ञान उद्यानाचे आराखडे ही साधने प्रथम डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेखात मात्र एका तेलकट साधनाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ते म्हणजे आलिशान एसयूव्हीच्या चाकापाशी बसणारा आणि झिजल्यावर भंगारात जाणारा धक्काशोषक, म्हणजेच गॅरेजच्या बोलीतील 'शॉकअप'.

बैलगाडीस कमान नव्हती. रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट गाडीवानाच्या पाठीत उतरे. चैत्रातील म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडी-वाकड परिसरातून निघणारे बगाड आजही त्याच जुन्या न्यायाने चालते. टांग्यास पोलादी कमानपाटे लाभले आणि धक्का सौम्य झाला. तथापि स्प्रिंग धक्का केवळ साठविते, नाहीसा करीत नाही. तो विझविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणावर चालणारे व पुढे तेलाचे धक्काशोषक आले. दट्ट्या सरकला की तेल अरुंद झडपांतून ढकलले जाते व हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. १९५० च्या दशकात द कार्बाँ या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेतून तेलावर वायूचा दाब ठेवणारी रचना पुढे आली आणि बिलस्टाइनमार्फत ती मर्सिडीझच्या मोटारींत पोहोचली. भारतात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीने या भागाचे उत्पादन रुजविले.

'स्पोर्ट' म्हणविल्या जाणाऱ्या रचनेत झडपा अधिक कडक असतात. उंच व जड गाडी वेगात वळताना कलू नये, हा तिचा हेतू. १९९९ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एक्स-५ सारख्या गाड्यांनी उंच गाडीकडून सेडानसारखी चाल मागितली आणि ही मागणी प्रतिष्ठेची झाली. परंतु या रचनेत रस्त्याविषयी एक गृहीतक दडलेले आहे : रस्ता गुळगुळीत असेल.

हिंजवडीत ते गृहीतक टिकले नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास प्रारंभ केला. हिंजवडी, माण व मारुंजीच्या शेतांतून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीझ तयार होऊ लागली होती; २००९ मध्ये तिचा कारखाना चाकणला गेला. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणीही सुरू झाली. म्हणजे आलिशान गाडी आणि ती घेऊ शकणारा पगार, दोन्ही एकाच परिसरात आले. रस्ता तेवढा मागे राहिला. २०१८ मध्ये माण-शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन झाले. पुढे तिच्या कामाचे खोदकाम आले. २०२५ च्या पावसाळ्यात तर उद्यानातील रस्त्यांवर पाणी साचले.

कोंडीत गाडी हळू चालते, म्हणून धक्काशोषक वाचत असावा, असा समज आढळतो. तो पुरता खरा नव्हे. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. त्यात चाक आदळले की दट्ट्या शेवटच्या टोकापर्यंत जातो व रबरी टेकूवर आपटतो. चिखलातील बारीक खडा दांड्याच्या चकाकीवर ओरखडा पाडतो, त्या ओरखड्याने सील फाटते, तेल पाझरू लागते. पुढे ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते आणि टायर लाटेसारखा, जागोजागी झिजतो. ही झीज इतकी हळू होते की रोजच्या चालकास ती जाणवत नाही. पहिली तक्रार बहुधा मागे बसलेल्या आजींची असते.

बदलाचे कामही निगुतीचे आहे. एका आसावरील दोन्ही धक्काशोषक जोडीनेच बदलावे लागतात. त्यांसोबत वरचे माउंट, रबरी टेकू व धूळरोधक आवरण. बुशांचे बोल्ट शेवटी आवळावयाचे ते गाडीचे वजन चाकांवर असताना. जॅकवर असतानाच आवळले तर रबर प्रारंभापासून पिळलेले राहते व लवकर फाटते. नंतर चाकांचे अलाइनमेंट. इलेक्ट्रॉनिक झडपांच्या गाडीत साधा धक्काशोषक बसविल्यास डॅशबोर्डवर इशारा पेटतो, म्हणून खर्च वाचविण्याची ती वाट सरळ नाही.

येथे प्रश्न केवळ एका धनिकाच्या बिलाचा राहत नाही. उद्यानाचे रस्ते, गावाचे रस्ते आणि प्रदेशाचे नियोजन निरनिराळ्या यंत्रणांकडे विभागलेले असल्याने खराब रस्त्याची एकूण किंमत कोणत्याही एका दप्तरात उमटत नाही. ती गॅरेजच्या पावत्यांत तुकड्यातुकड्यांनी उमटते. एसयूव्हीवाल्यास निदान पावती मिळते. त्याच खड्ड्यातून दुचाकीवर जाणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या किंवा बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या सफाई कामगार स्त्रीच्या कमरेची पावती कोणी फाडत नाही. त्या बाबतीत आपण बैलगाडीच्या काळापासून फारसे हललेलो नाही.

२०२४ मध्ये रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणीही पुण्यात होणार असल्याचे जाहीर झाले. दरम्यान, जुनी गाडी बाळगणाऱ्यापुढे एक व्यवहार्य पर्याय उरतो : 'स्पोर्ट' जोडीच्या जागी त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीचे मऊ धक्काशोषक, त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगांसह, बसविणे. वळणावर गाडी थोडी कलेल. परंतु हिंजवडीच्या कोंडीत तसे वेगवान वळण घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो.